अंतराचा दाखला

१. घड्याळ खोटे, की रस्ता?

शर्यत आटोपल्यावर अंतिम रेषेपाशी जी संभाषणे कानांवर पडतात, त्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते : "दहा किलोमीटर म्हणून सांगितले आणि माझ्या घड्याळात १०.२ आले, मग हे मोजले तरी कोणी, आणि कशाने?" प्रश्न रास्त आहे, उत्तर मात्र बहुधा तक्रारदाराच्या विरुद्ध जाणारे आहे.

मनगटावरचे घड्याळ रस्ता मोजीत नाही. आकाशातील उपग्रहांचे संकेत घेऊन ते काही क्षणांच्या अंतराने आपली जागा अजमावते, आणि अशा अजमावलेल्या बिंदूंना रेघांनी जोडून त्या रेघांची बेरीज आपल्यापुढे ठेवते. यांतील प्रत्येक बिंदू खऱ्या जागेपासून थोडाबहुत ढळलेला असतो, आणि दाट झाडीत किंवा उंच इमारतींच्या ओळींमध्ये तर तो बराच ढळतो. परिणामी माणूस सरळ धावला तरी कागदावर त्याची वाट नागमोडी उमटते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेहून लांब असावयाचीच. शिवाय धावणारा तरी आखून दिलेल्या वाटेने कोठे धावतो? तो पाण्याच्या टेबलाकडे वळतो, पुढच्याला ओलांडण्यासाठी बाजूला सरतो, ओळखीचा चेहरा दिसला म्हणून रस्ता ओलांडून जातो. तेव्हा घड्याळाने दाखविलेले अंतर हे त्या माणसाच्या त्या दिवशीच्या भ्रमंतीचे अंतर असते, शर्यतीच्या मार्गाचे नव्हे.

मग मार्गाचे अंतर म्हणजे काय, ते कसे काढतात, आणि ज्या कागदावर ते लिहिले जाते त्या कागदावर परक्या मुलखातल्या माणसाने विश्वास का ठेवावा, हा या प्रकरणाचा विषय होय. त्यात सायकल आहे, पोलादी फीत आहे आणि संगणकावरचा रकान्यांचा तक्ता आहे. आणि माझ्या मते या तिहींत सर्वांत महत्त्वाचा तो तक्ताच, जरी तो एक हातही अंतर मोजीत नाही.

२. मध्यरेषेवरचे नगर

वाशीमकराला अंतरमापनाचा विषय परका वाटावा असे काही नाही. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजेच आजचे विदर्भातील वाशीम, आणि भास्कराचार्यांच्या 'करणकुतूहल' या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेषेवरची जी स्थाने सांगितली आहेत, त्यांत उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांच्याबरोबर वत्सगुल्माचेही नाव येते. ही रेषा म्हणजे त्या काळच्या ज्योतिषाचे शून्य रेखांश. इतर गावांचे अंतर हिच्यापासून मोजावयाचे आणि त्यानुसार ग्रहांचे गणित सुधारून घ्यावयाचे. वाशीममधील मध्यमेश्वराचे देवालय याच रेषेवर उभे असल्याची श्रद्धा आहे.

आता आधुनिक नकाशा उघडून पाहिला, तर उज्जैन सुमारे ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आणि वाशीम सुमारे ७७.१ अंशांवर आढळते. म्हणजे एकाच दक्षिणोत्तर रेषेवर मानलेली ही दोन नगरे प्रत्यक्षात पूर्व-पश्चिम दिशेने सुमारे एकशे चाळीस किलोमीटरांनी एकमेकांपासून सरकलेली आहेत. यात पूर्वजांना हसण्याजोगे काही नाही. गावाचा अक्षांश माध्यान्हीच्या सावलीवरून एकट्याने काढता येतो. रेखांशासाठी मात्र दोन गावांची वेळ एकाच क्षणी ताडून पाहावी लागते, आणि तारायंत्रापूर्वीच्या काळात चंद्रग्रहणासारखा एखादाच प्रसंग त्याची संधी देई. मला खटकते ते वेगळेच. श्लोकाने निष्कर्ष तेवढा जपून ठेवला. तो निष्कर्ष ज्या निरीक्षणांवरून काढला, ती कोणी केली, कोणत्या रात्री केली, किती घटिकांचा फरक आढळला, हे काही त्याच्याबरोबर आले नाही. त्यामुळे चूक आहे एवढे आपण सांगू शकतो. ती नेमकी कोठे शिरली हे सांगू शकत नाही.

याच्या उलट उदाहरणही विदर्भातच सापडते. १८०२ साली मद्रासेजवळ आधाररेषा मोजून भारताची त्रिकोणमितीय पैमाइश सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे काम करता करता वारला, आणि तेथेच त्याची कबर आहे. त्याची पोलादी साखळी उन्हाने तापू नये म्हणून तीवर तंबू धरीत, साखळीशेजारी तापमापक ठेवीत, आणि त्यांवरील आकडे मोजणीच्या आकड्यांबरोबरच नोंदवीत. म्हणून त्याच्या मागून आलेल्यांना त्याचे गणित पुन्हा करून पाहता आले. शर्यतीच्या मार्गाचा दाखला हा याच घराण्यातला आहे.

३. कोणती वाट मोजावयाची?

रस्ता ही काही रेघ नव्हे. त्याला रुंदी असते, आणि एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या दोन वाटांची लांबी वेगळी असू शकते. तेव्हा मोजणीपूर्वी एक करार करावा लागतो. तो असा की, धावपटूला ज्या भागात धावण्याची मुभा आहे, त्या भागातून जाणारी शक्य तितकी आखूड वाट मोजावी : वळणावर आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर राखून, आणि एक वळण डावीकडे व पुढचे उजवीकडे असेल तर दोहोंच्या मध्ये रस्त्याच्या कडेकडेने न जाता सरळ तिरपी रेघ धरून.

एवढा आग्रह कशासाठी? वर्तुळाच्या परिघाचे साधे गणित घ्या. एखाद्या चौकातील वर्तुळाकार कट्ट्याला पूर्ण प्रदक्षिणा घालताना आपण कडेपासून एक मीटर अधिक दूर राहिलो, तर प्रदक्षिणा ६.२८ मीटरांनी वाढते, मग तो कट्टा बैलगाडीच्या चाकाएवढा असो की तलावाएवढा. काटकोनी वळण म्हणजे प्रदक्षिणेचा चतुर्थांश. तेथे एका मीटरामागे १.५७ मीटर वाढतात. दहा काटकोनी वळणे असलेल्या मार्गावर जो गृहस्थ प्रत्येक वळण दोन मीटर बाहेरून घेईल, तो एकतीस मीटर अधिक धावेल, आणि ते एकतीस मीटर त्याचे घड्याळ इमानाने दाखवील. मोजणाऱ्याने मात्र तसे करता कामा नये. कारण मोजणी मधल्या रेषेने केली आणि चतुर धावपटू आतल्या कडेने धावला, तर तो जाहीर केलेल्या अंतरापेक्षा कमी धावून मोकळा होतो.

४. सायकल

मोटारीचा अंतरमापक या कामासाठी अगदीच स्थूल, हाताने ढकलण्याचे मोजणीचाक खडबडीत रस्त्यावर उड्या मारणारे, आणि फितीने बेचाळीस किलोमीटर मोजावयाचे तर वाहतूक किती दिवस थोपवावी लागेल याचा हिशेबच नको. १९६१ साली इंग्लंडमध्ये जॉन ज्युएल यांनी रस्त्यावरच्या शर्यतींच्या मोजणीची निरनिराळी साधने पारखून एक निबंध लिहिला, त्यात पारखून घेतलेल्या सायकलीला मान मिळाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले अमेरिकेचे टेड कॉर्बिट यांनी १९६४ मध्ये तीच पद्धत आपल्या देशात रुजविली. आणि १९७१ मध्ये तेथीलच ॲलन जोन्स व त्यांचा मुलगा क्लेन यांनी पुढच्या चाकाच्या आसाशी बसणारे एक लहानसे गणकयंत्र तयार केले, ज्याला आजही जोन्स गणक म्हणतात.

याची रचना अत्यंत साधी आहे. चाक फिरले की दातेरी चकती फिरते आणि आकड्यांची पट्टी पुढे सरकते. मूळच्या यंत्रात चाकाच्या एका फेऱ्याला वीस अंक पडत. नंतरच्या प्रचलित यंत्रात २३.६३ च्या आसपास पडतात. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला, तर एका किलोमीटरला अकरा हजारांवर अंक होतात, म्हणजे एक अंक नऊ सेंटिमीटरांच्या आत येतो. यंत्राला मीटर ठाऊक नाहीत, किलोमीटर ठाऊक नाहीत. ते केवळ अंक मोजते. त्या अंकांचे अंतरात रूपांतर करण्याची जबाबदारी मोजणाऱ्यावर, आणि सारी कसोटी तेथेच लागते. कारण चाकाचा परीघ ही काही कायमची ठरलेली गोष्ट नव्हे. ऊन चढले की टायरातील हवा फुगते, चाक किंचित मोठे होते व किलोमीटरला कमी अंक पडतात. बाभळीचा काटा लागून हवा हळूहळू निघत असेल, तर चाक लहान होते आणि अंक वाढतात. हा दुसरा प्रकार घातक : अंक पुरे झाले म्हणून मोजणारा थांबतो, आणि रस्ता अजून पुरा झालेला नसतो.

म्हणून मोजणीला निघण्यापूर्वी आणि मोजणी संपताच, ठरावीक लांबीच्या सरळ पट्ट्यावर सायकल चार-चार वेळा चालवून ती पारखून घ्यावी लागते. हा पट्टा सामान्यतः तीनशे मीटर किंवा त्याहून अधिक लांबीचा असतो, आणि त्याची लांबी पोलादी फितीने मोजलेली असते.

५. फीत आणि वऱ्हाडचे ऊन

पोलादी फितीवरचे आकडे २० अंश सेल्सियस तापमानाला आणि ठरावीक ताणाला, साधारणतः ५० न्यूटनला, खरे असतात. ताण स्प्रिंगच्या काट्याने साधता येतो. तापमान मात्र आपल्या हाती नाही. पोलाद दर अंशामागे आपल्या लांबीच्या ०.००००११६ पट वाढते. आकडा पाहून हसू येईल. पण मे महिन्यात वाशीमच्या रस्त्यावर टेकलेली फीत ४२ अंशांवर गेली, तर फरक २२ अंशांचा, आणि २२ × ०.००००११६ × ३०० केले की ०.०७७ मीटर, म्हणजे जवळजवळ आठ सेंटिमीटर येतात. फीत स्वतःच लांबलेली असल्याने तिने दाखविलेले तीनशे मीटर प्रत्यक्षात तीनशे मीटर आणि आठ सेंटिमीटर असतात. या पट्ट्यावर पारखलेल्या सायकलीने मॅरेथॉन मोजली, तर तीच चूक एकशे चाळीस पट होऊन मार्ग पावणेअकरा मीटरांनी लांब निघेल.

थंडीत याच्या उलट. पौषातल्या पहाटे फीत १० अंशांवर असताना दुरुस्ती केली नाही, तर तीच मॅरेथॉन जवळजवळ पाच मीटरांनी तोकडी पडते. पावणेअकरा मीटरांची लांबी एक वेळ चालेल, पाच मीटरांचा तोकडेपणा चालणार नाही. असे का, ते पुढच्या कलमात.

६. झुकते माप

भर बाजारात तराजू धरून बसलेली जाणती भाजीवाली काटा समतोल झाल्यावर चार शेंगा वर टाकते. मापात कमी पडल्याचा बोल लागण्यापेक्षा चार शेंगा गेलेल्या तिला परवडतात. शर्यतीच्या मोजणीत नेमके हेच नियमाने करावयाचे असते : सायकल पारखून काढलेल्या गुणकाला, म्हणजे किलोमीटरमागे पडणाऱ्या अंकांच्या संख्येला, १.००१ ने गुणावयाचे, म्हणजे दर किलोमीटरमागे एक मीटर जादा द्यावयाचा. दहा किलोमीटरला दहा मीटर, मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरला बेचाळीस मीटर.

कारण असे की, सायकलस्वार आखूड वाटेवरून कितीही कसोशीने गेला तरी थोडा हेलकावतो, आणि हेलकावे घेणारा स्वार आवश्यक अंक आखूड रस्त्यातच पुरे करून टाकतो. मार्ग पंधरा मीटरांनी लांब निघाला तर धावपटूचे दोन-चार सेकंद जातात. एका मीटराने आखूड निघाला तर विक्रमच नाहीसा होतो. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या अविनाश साबळेने २९ नोव्हेंबर २०२० रोजी दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला आणि ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय ठरला. त्या गतीने २१ मीटर धावण्यास त्याला सुमारे साडेतीन सेकंद लागतात. वीस-एकवीस किलोमीटरांच्या शर्यतीत एवढीच काय ती झीज धावपटूने सोसावयाची, आणि तिच्या मोबदल्यात आपला आकडा कोणी हिरावून नेणार नाही ही निश्चिंती घ्यावयाची. मला हा सौदा न्याय्य वाटतो.

७. तक्ता

आता समजा, वाशीम शहरात दहा किलोमीटरची शर्यत योजिली आहे आणि तिचा मार्ग मोजावयाचा आहे. पूर्वी याचे सारे गणित कागदी नमुन्यांवर हाताने करीत. आता तेच नमुने संगणकावरच्या तक्त्यांत उतरले आहेत. त्यांचे स्थूलमानाने चार भाग पडतात : फितीच्या मोजणीचा, सायकल पारखण्याचा, मार्गाच्या मोजणीचा, आणि या तिन्हींवर आधारलेला दाखल्यासाठीचा अर्ज.

तक्त्यात दोन प्रकारचे रकाने असतात. काहींत माणूस आकडा भरतो; बाकीच्यांत सूत्र बसविलेले असते व तेथे आकडा आपोआप येतो. चांगल्या तक्त्यात या दोहोंना वेगवेगळे रंग देतात आणि सूत्राचे रकाने कुलूपबंद ठेवतात. भरणाऱ्याने भरावयाचे ते केवळ डोळ्यांनी वाचलेले आकडे, स्वतः वजाबाकी करून आणलेले नव्हेत. पट्ट्याच्या आरंभी गणकावर काय होते आणि शेवटी काय होते, ही दोन वाचने लिहावयाची. अंतर काढण्याचे काम तक्त्याचे.

पहाटे सहा वाजता आपल्या स्वाराने तीनशे मीटरच्या पट्ट्यावर चार फेऱ्या मारल्या. दोन जाताना, दोन येताना. अंक पडले ३३७७, ३३७६.५, ३३७७ आणि ३३७७.५. सरासरी ३३७७. तिला ०.३ ने भागले की किलोमीटरला ११,२५६.६७ अंक झाले, आणि १.००१ ने गुणले की ११,२६७.९२. हा पहाटेचा गुणक.

तक्ता येथेच एक मोठी सोय करून देतो. आरंभरेषेवर गणकाचे वाचन २,१४,५०० असेल, तर पहिल्या किलोमीटरच्या खुणेला ते २,२५,७६८ असले पाहिजे, दुसऱ्याला २,३७,०३६, तिसऱ्याला २,४८,३०४. अशी दहाही किलोमीटरांची लक्ष्ये स्वार सायकलीवर बसण्यापूर्वीच छापून त्याच्या हाती देता येतात. रहदारीत, मागे हॉर्न वाजत असता, रस्त्यात उभे राहून पाच-सहा आकडी बेरीज करण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्यालाच या एका कागदाचे मोल कळेल.

मोजणी संपली, नऊ वाजून गेले, ऊन तापले. स्वार पुन्हा पट्ट्यावर आला, आणि या वेळी अंक पडले ३३७४.५, ३३७४, ३३७४ आणि ३३७३.५. सरासरी ३३७४, गुणक ११,२५७.९१. टायर फुगल्याचा हा पुरावा. दोन्ही गुणकांची सरासरी ११,२६२.९२ हा त्या दिवसाचा गुणक मानला (अधिक सावध माणूस दोहोंतील मोठा घेईल), तर पहाटेच्या गुणकाने आखलेल्या १,१२,६७९ अंकांच्या मार्गाची लांबी १०.००४४ किलोमीटर भरते, म्हणजे तो साडेचार मीटरांना थोडा कमी इतका जादा आहे. दुसऱ्या स्वाराने तोच मार्ग स्वतंत्रपणे मोजला व त्याच्या तक्त्यात १०.००२१ आले. दोघांत २.३ मीटरांचा फरक. अमेरिकेच्या पद्धतीत दोन मोजण्यांत ०.०८ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, दहा किलोमीटरला तो आठ मीटर होतो; तेव्हा मोजणी ग्राह्य. यांतील आखूड आकडा प्रमाण धरावयाचा, आणि आयोजकाला हवेच असेल तर अंतिम रेषा २.१ मीटर अलीकडे घ्यावयाची; त्याहून अधिक नव्हे.

८. तक्ता कोठे फसवितो

संगणकाने केलेले गणित चुकत नाही असा एक समज आहे, आणि तो खराही आहे. फक्त ते गणित आपण सांगितलेलेच असते. चार फेऱ्यांपैकी एकीच्या आकड्यात शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडला, तर तक्ता त्याला आकडा न समजता शब्द समजतो, सरासरीतून निमूटपणे गाळतो, आणि उरलेल्या तिन्हींची सरासरी जवळपास तीच येत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. एका रकान्यातील सूत्र खालच्या रकान्यांत उतरविताना गुणकाचा पत्ता पक्का बांधून ठेवला नाही, तर तो पत्ताही एकेक घर खाली सरकतो आणि तिसऱ्या-चौथ्या किलोमीटरला तक्ता भलत्याच आकड्याने गुणू लागतो. कोणी मागच्या वर्षीचीच फाइल उघडून नवे आकडे भरतो आणि तापमानाचा रकाना तसाच राहून जातो. डिसेंबरच्या मोजणीला मे महिन्याचे ऊन लागते.

सर्वांत कावेबाज चूक १.००१ ची. तक्त्याच्या सूत्रात तो गुणाकार अगोदरच असतो. मोजणारा सावधगिरीने तो स्वतःही करून टाकतो, आणि मॅरेथॉन आणखी बेचाळीस मीटरांनी लांबते. किंवा याच्या उलट, तो सूत्रात असेलच असे मोजणारा गृहीत धरतो आणि तो कोठेच नसतो.

म्हणून माझे मत असे की, तक्त्याबरोबर कच्च्या वहीची छायाचित्रे जोडणे हा उपचार मानू नये. वहीत घामाचे डाग असतील, एखादा आकडा खोडून वर लिहिलेला असेल, शेजारी 'ट्रक आडवा आला, थांबलो' अशी टीप असेल. दाखल्याचा अर्ज तपासणाऱ्याला तीच हवी असते. त्याने वाशीम कधी पाहिलेले नसते आणि पाहण्याचा योगही बहुधा येत नाही; त्याच्यापुढे केवळ आकडे असतात. चार फेऱ्यांचे अंक अगदी सारखे आले असतील, तर अनुभवी तपासनीस समाधान मानण्याऐवजी भुवई उंचावतो, कारण खऱ्या रस्त्यावर खरी सायकल अर्ध्या-एका अंकाने तरी हलतेच. आणि सहाचा गुणक साडेनऊच्या गुणकाहून मोठा यावयास हवा असता लहान आला, तर तो सरळ विचारतो : वाटेत हवा गेली होती काय?

९. नकाशा, खिळा आणि मुदत

लांबी सिद्ध झाली म्हणजे दाखला मिळाला असे नाही. विक्रम मान्य व्हावयाचा तर अर्जात आणखी दोन आकडे भरावे लागतात. आरंभरेषा व अंतिम रेषा यांतील सरळ अंतर शर्यतीच्या अंतराच्या निम्म्याहून अधिक नसावे, म्हणजे साऱ्या वाटभर वारा पाठीशी घेऊन धावता येऊ नये; आणि आरंभापासून शेवटापर्यंतचा एकूण उतार किलोमीटरमागे एक मीटरहून अधिक नसावा. २०११ मध्ये केनियाचा जेफ्री मुताई बॉस्टनला २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत मॅरेथॉन धावला, तोवर त्याहून वेगाने ती कोणी धावले नव्हते. तरी तो जागतिक विक्रम ठरला नाही, कारण बॉस्टनचा मार्ग या दोन्ही अटींत बसत नाही. साताऱ्याची डोंगरावरची अर्धमॅरेथॉन कितीही दमछाक करणारी असली, तरी ती यवतेश्वराच्या घाटाने चढून त्याच वाटेने खाली परतत असल्यामुळे तिला या दोन अटींची अडचण नाही.

नकाशा हा अर्जाचा प्राण. त्यात कोणता रस्ता, हे सांगून भागत नाही. रस्त्याची कोणती बाजू, दुभाजकाच्या कोणत्या अंगाने, माघारी वळण्याचा शंकू नेमका कोठे, हे सारे लिहावे लागते. २०२१ साली ब्रायटनच्या मॅरेथॉनमध्ये वळणाचा शंकू चुकीच्या जागी ठेवला गेला आणि हजारो लोक ५६८ मीटर अधिक धावले. मार्ग बरोबर मोजलेला होता, मांडणी चुकली. तोकडेपणाची उदाहरणे अधिक कडू आहेत. १९८१ मध्ये न्यूयॉर्कला अल्बर्टो सालाझारने २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांची जगातील सर्वोत्तम वेळ नोंदविली. पुढे मार्ग पुन्हा मोजला तेव्हा तो सुमारे १४८ मीटरांनी आखूड निघाला. मँचेस्टरची मॅरेथॉन २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षे ३८० मीटरांनी कमी भरल्याचे नंतर उघडकीस आले. २०१६ च्या ग्लासगोच्या अर्धमॅरेथॉनचा मार्ग १४९.७ मीटरांनी तोकडा ठरला आणि कॅलम हॉकिन्सचा स्कॉटिश विक्रम गेला. धावणाऱ्यांपैकी एकाचाही यात दोष नव्हता. तेव्हापासून नव्हे, पण अशाच अनुभवांतून हा नियम आला आहे की, जेथे विक्रमाचा संभव असेल त्या शर्यतीत मोजणाऱ्यांपैकी एकाने नकाशा हाती घेऊन पुढच्या वाहनात बसावे आणि मोजलेल्या मार्गावरूनच सारे धावत आहेत याची खातरी करावी.

जागतिक ॲथलेटिक्स संघटना व आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन संघटना यांच्या पद्धतीत दाखल्याची मुदत पाच वर्षांची असते, आणि तीही मार्ग जसाच्या तसा राहिला तरच. आपल्याकडे ही अट अधिक जड जाते. पाच वर्षांत एखाद्या चौकात नवा दुभाजक येतो, वळणाची कड खोदून रुंद केली जाते, आणि डांबराच्या नव्या थराखाली आरंभरेषेची जागा दाखविण्यासाठी रस्त्यात ठोकलेला खिळा गडप होतो. म्हणून खिळ्याची जागा खिळ्यावर विसंबून ठेवीत नाहीत. ती कायमच्या दोन-तीन खुणांपासूनच्या अंतरांनी लिहून ठेवतात : विजेच्या अमुक क्रमांकाच्या खांबापासून ४.३२ मीटर, पुलाच्या कठड्याच्या पूर्वेकडील टोकापासून ११.०५ मीटर. यांतील खांब उद्या महावितरणने हलविला, तरी कठडा राहतो. कठडा गेला तर तिसरी खूण राहते. आणि तिन्ही गेल्या, तर फीत, सायकल व कोरा तक्ता घेऊन पहाटे सहाला पुन्हा पट्ट्यावर उभे राहावे लागते.